हातचलाखीची शाळा: पुस्तक, पडदा आणि पत्त्यांचा जोड

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. छत्रपती संभाजीनगरातल्या एका महाविद्यालयात तास संपल्यावर एम. ए.च्या वर्गातला एक विद्यार्थी मागे थांबला आणि 'सर, एक गंमत दाखवू का?' असे विचारून त्याने खिशातून पत्त्यांचा जोड काढला. पुढची चार-पाच मिनिटे त्याने जे केले ते थक्क करणारे होते. मधोमध खुपसलेला पत्ता पुन्हा पुन्हा वर येत होता. हात संथ होते, कुठेही झटका नव्हता. मात्र एवढ्या वेळात तो एक शब्दही बोलला नाही. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही. त्याची नजर स्वतःच्या बोटांवर होती आणि मान किंचित अशी कललेली होती, की जणू समोर मी नसून एखादा कॅमेरा आहे. मी म्हटले, 'अरे, काहीतरी बोल की.' तेव्हा तो गडबडला आणि मग इंग्रजीत दोन-तीन वाक्ये बोलला. ती वाक्ये त्याची नव्हती हे उच्चारांवरूनच कळत होते. ज्याच्याकडून हात घेतले, त्याच्याकडूनच जीभही उसनी आणली होती.

आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली. हा मुलगा उजव्या हाताने लिहितो. घरी झब्बू खेळताना आपण सारे उजवे लोक करतो तसाच जोड डाव्या हातात धरून उजव्या हाताने पत्ते वाटतो. जादू करताना मात्र जोड त्याच्या उजव्या हातात होता आणि सारी कामगिरी डाव्या हाताची होती. कारण विचारले तेव्हा त्यालाही ते नव्याने जाणवले. तो सगळे व्हिडिओ पाहून शिकला होता. पडद्यावरचा माणूस समोर बसलेला. त्याचा डावा हात पाहणाऱ्याच्या उजव्या बाजूला दिसतो. मुलाने जसे दिसले तसे उचलले. सहा महिन्यांच्या मेहनतीने तो आपल्या गुरूचे आरशातले प्रतिबिंब झाला होता.

या प्रसंगाने मला हातचलाखीच्या शिक्षणाचा इतिहास धुंडाळायला लावले. साहित्याच्या विद्यार्थ्यांशी त्याचा संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. पण कोणतीही विद्या मुखातून, ग्रंथातून आणि पडद्यातून जाताना प्रत्येक वेळी काय गाळते आणि काय राखते, हा प्रश्न आपलाच आहे. हातचलाखीत तो फक्त अधिक उघडा दिसतो.

आपल्याकडे ही विद्या मूळची गारुड्याची. या शहरापासून पन्नासएक किलोमीटरवर पैठण आहे, आणि पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) आपल्या भारुडांत जोशी, गोंधळी, वासुदेव यांच्या पंगतीत गारुड्यालाही बसवले आहे. नाथांनी गारुड्याकडून काय घेतले? त्याची युक्ती घेतली नाही. गोळा कुठल्या बोटांत दडवतात याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्यांनी त्याची हाक घेतली. गर्दी जमवण्याची, तिला थोपवून धरण्याची, 'बघा, बघा' म्हणत भलतीकडे बघायला लावण्याची बोली घेतली. नाथांसारख्या कानसेनाने नेमकी हीच गोष्ट उचलावी हे मला फार सूचक वाटते. वाट्या आणि गोळ्यांचा खेळ ज्यांनी बाजारात उभे राहून पाहिला असेल त्यांना आठवेल, की त्यात हाताचे काम मोजके असते आणि बोलणे अखंड. मराठवाड्यात तर हे बोलणे मराठी, दखनी आणि हिंदी यांची अशी मिसळ असायची की ती कुठल्याच व्याकरणात बसू नये. बाप मुलाला शिकवी ते हात आणि बोली एकत्रच. मूल आधी हाकारा शिके, मग साथीदार म्हणून उलट उत्तरे देऊ लागे आणि शेवटी कधीतरी गोळा त्याच्या हातात येई. क्रम लक्षात घ्या: जीभ आधी, बोटे नंतर.

गारुड्याच्या झोळीत पत्ते मात्र नव्हते, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडचा जुना पत्ता म्हणजे गंजिफा. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे; 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने हा खेळ वर्णिला आहे; आणि सावंतवाडीत दशावतारी गंजिफा आजही हाताने रंगवतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे एकशेवीस पत्ते. हे पत्ते गोल, रोगण चढवलेले आणि जाड. पत्त्यांची जी हातचलाखी पुढे जगभर गाजली ती सगळी काटकोनी, पातळ, लवचिक कागदावर उभी आहे. कोपरा अंगठ्याने किंचित उचलायचा, कडा जुळवून दोन पत्ते एक भासवायचे, लांबट पत्ता तळव्याच्या वळणात दुमडून बसवायचा. गोल पत्त्याला कोपरा नाही, आणि जाड पत्ता वाकत नाही. गंजिफा देखणी खरी; पण लबाडीला ती सोयीची नाही.

बावन्न पत्त्यांचा विलायती जोड आला आणि मराठीने तो बघता बघता आपलासा केला. बदाम आणि चौकट ही नावे आकारावरून पडली. पिसणे, काटणे, वाटणे, उतारी, हुकूम, भिडू. मेंढीकोट, बदामसात, गुलामचोर, झब्बू. मे महिन्याच्या सुट्टीत थंड फरशीवर दुपार काढलेल्या कोणालाही हे शब्द कोशात शोधावे लागत नाहीत. पण ही सगळी खेळाची परिभाषा झाली. हातचलाखीची म्हणून मराठीत परिभाषा जवळजवळ नाही. फसवणुकीला 'पत्ते लावणे' म्हणतात, 'पत्ता मारणे' म्हणतात, आणि तिथेच शब्द संपतात. आमचा विद्यार्थी बोलताना 'डबल लिफ्ट', 'पाम', 'पास', 'फोर्स' असेच म्हणतो. डबल लिफ्ट म्हणजे वरचे दोन पत्ते एकच असल्यासारखे उलटणे. पाम म्हणजे पत्ता तळव्यात दडवणे. पास म्हणजे काटलेल्या जोडाचे दोन भाग कुणाला न दिसता पुन्हा पहिल्यासारखे करणे. फोर्स म्हणजे समोरच्याला आपण निवडतो आहोत असे वाटू देऊन आपल्याला हवा तोच पत्ता घ्यायला लावणे. या शेवटच्या क्रियेला मराठी प्रतिशब्द नाही, ही गोष्ट आपल्या सार्वजनिक जीवनाकडे पाहता थोडी आश्चर्याचीच म्हणायची. असो.

पाश्चात्त्यांकडे ही परिभाषा ग्रंथांतून घडली. १५८४ मध्ये रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रजाने चेटकिणी म्हणून बायकांना छळण्याविरुद्ध एक ग्रंथ लिहिला आणि त्यात हातचलाखीचे प्रयोग, पत्त्यांचेसुद्धा, उलगडून दाखवले. उद्देश असा की ज्याला लोक सैतानाचे काम समजतात ते बोटांचे काम आहे हे कळावे. म्हणजे इंग्रजीत युक्ती उघड करण्याची सुरुवात एका नैतिक कामासाठी झाली; हा मुद्दा पुढे लागणार आहे. मग १८६८ मध्ये फ्रान्सच्या रोबेर-ऊदँने पत्त्यांच्या हालचालींची पद्धतशीर मांडणी केली, आणि १९०२ मध्ये शिकागोत 'द एक्स्पर्ट अॅट द कार्ड टेबल' हे पुस्तक निघाले. लेखक म्हणून नाव छापले होते एस. डब्ल्यू. अर्डनेस. हा माणूस नेमका कोण, यावर आजही वाद चालू आहे. जुगाराच्या पटावरची लबाडी त्याने ज्या थंड, नेटक्या गद्यात लिहिली आहे ते गद्य वाचण्याजोगे आहे. शंभरावर रेखाचित्रे आहेत. पण चित्रांमधली हालचाल वाचकाला स्वतःच भरावी लागते. उजव्या हाताची तर्जनी अमुक कोपऱ्यावर, डाव्या हाताची करंगळी अमुक फटीत, असे एक वाक्य वाचायचे, पुस्तक गुडघ्यावर टेकवायचे, बोटे लावायची, चुकायचे, पुन्हा वाक्याकडे यायचे. दुर्बोध कविता वाचावी तसे हे वाचन. आणि प्रत्येकाचा तळवा वेगळा असल्यामुळे त्याच वाक्याचा प्रत्येकाच्या हातात वेगळा अर्थ लागायचा.

ओटावात जन्मलेल्या डाय व्हर्नननने (१८९४–१९९२) हे पुस्तक लहानपणीच मुखोद्गत केले होते. पुस्तक पाठ असलेला हा माणूस १९३२ मध्ये एका हालचालीसाठी मिझुरी राज्यातल्या प्लेझंट हिल या आडगावापर्यंत गेला. जोडाच्या वरचा नव्हे, तळाचाही नव्हे, मधलाच पत्ता वाटणारा एक जुगारी कुठेतरी आहे, असे त्याला एका कैद्याकडून कळले होते. ॲलन केनेडी नावाचा तो जुगारी त्याने शोधून काढला आणि ती हालचाल त्याच्याकडून पाहून घेतली. छापील पानाची मर्यादा व्हर्ननइतकी कोणी ओळखली नसेल. पान पाठ केल्यावरही तो माणसाच्या शोधात निघाला. याच व्हर्ननने १९२२ मध्ये शिकागोत हुडिनीला पत्त्यांच्या एका खेळात चकवले होते. कोणताही खेळ तीनदा पाहिला की मी तो ओळखतो, अशी हुडिनीची बढाई होती. आमच्या विद्यार्थ्याने मला दाखवला तो खेळ याच कुळातला. हुडिनीला तो पुन्हा पुन्हा पाहूनही उमगला नाही. आमच्या विद्यार्थ्याने तो किती वेळा पाहिला असे मी विचारले. त्याने हसून सांगितले, की मोजले नाही, पण पाव वेगाने पाहिला.

आता पडद्याकडे वळायला हवे, आणि त्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. 'फाळके' हे आडनाव उलट वाचा: केळफा. धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे प्रयोग करत. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या या माणसाने छायाचित्रण केले, रंगभूमीचे पडदे रंगवले, छपाई केली आणि बडोद्यास आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून जादूही शिकली. त्यांच्या चरित्रांत ही हकीकत बहुधा एखाद्या ओळीत उरकलेली असते. एका हरहुन्नरी माणसाचा आणखी एक नाद, एवढेच तिचे मोल. मला ती मध्यवर्ती वाटते. फाळके एका माणसाकडून समोरासमोर जादू शिकले. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला आणि भारतीय कथापटाचा पाया घातला गेला. त्यानंतर, १९१६च्या सुमारास, स्वतःच जादूगार होऊन त्यांनी केळफाच्या जादूचा एक छोटा चित्रपट काढला. १९१७ मध्ये त्यांनी आणखी एक लघुपट काढला: 'चित्रपट कसे तयार करतात'. त्यात फाळके नटांना सूचना देताना, फीत तपासताना, कापताना दिसतात. त्याआधी १९१२ मध्ये 'अंकुराची वाढ'मध्ये कुंडीतला दाणा उगवून वर येताना त्यांनी पडद्यावर दाखवला होता. कित्येक दिवसांचे काम काही क्षणांत.

या तीन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. कॅमेरा लपवू शकतो: चित्रीकरण थांबवायचे, वस्तू हलवायची, पुन्हा सुरू करायचे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएसने हेच केले होते, आणि तोही जादूगारच. १८८८ मध्ये त्याने रोबेर-ऊदँचे नाट्यगृह विकत घेतले होते. कॅमेरा काळ बदलू शकतो: अंकुराची वाढ. आणि कॅमेरा कृती उघड करून शिकवू शकतो. शिकवणाऱ्या चित्रफितीचे सगळे सामान फाळक्यांच्या हाताशी आले होते, तेही एका जादूगाराच्या. पण केळफाच्या चित्रपटाने केळफाचीच पंचाईत केली असणार. रंगमंचावर गायब झालेले नाणे हा हाताचा पराक्रम असतो. पडद्यावर गायब झालेले नाणे कात्रीचा. कॅमेऱ्याची जादू इतकी मोठी निघाली की हाताच्या जादूवर कोणी विश्वास ठेवेना. फाळक्यांनी मग हनुमानाला लंकेवरून उडवले आणि बालकृष्णाला कालियाशी झुंजवले. प्रोफेसर केळफा मागे पडला.

हाताची जादू महाराष्ट्रात त्यानंतर रंगमंचावर जगली. पुण्याच्या जादूगार रघुवीरांनी (१९२४–१९८४) ती गावोगाव आणि परदेशातही नेली. 'प्रवासी जादूगार' हे त्यांचे पुस्तक त्या भ्रमंतीचेच. त्यांच्या घरात मुलाने आणि नातवाने ती पुढे चालवली. म्हणजे पुन्हा घराण्याचीच परंपरा, फक्त झोळीच्या जागी तिकीटबारी.

पण मराठीत हातचलाखी उघडपणे, सर्वांसाठी, आणि मुख्य म्हणजे मराठी बोलत शिकवली गेली ती एका वेगळ्याच दालनात, आणि जादूच्या इतिहासात त्याची दखल घेतलेली मला दिसत नाही. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. समितीचे कार्यकर्ते शाळांतून, गणेशोत्सवाच्या मंडपांतून, गावच्या चावडीवर चमत्कारांची प्रात्यक्षिके करत. हवेतून विभूती काढणे म्हणजे काय? विभूतीची वडी आधीच बोटांच्या बेचक्यात दडवून ठेवायची आणि योग्य क्षणी चुरायची. हा शुद्ध 'पाम' आहे. व्हर्ननने पाहिला असता तर मान डोलावली असती. कार्यकर्ता आधी प्रयोग करून दाखवी, मग समोरच्यांना विचारी, 'हे कसं झालं असेल?', उत्तरे येऊ देई, आणि मग बोटे उघडी. यात वाक्यांचे वजन हाताइतकेच होते. विभूती कधी काढायची, प्रश्न कधी टाकायचा, हशा कुठे घ्यायचा, आजोबांच्या श्रद्धेला न दुखावता भोंदूला कसे उघडे करायचे, हे सगळे मराठीत, त्या त्या गावच्या मराठीत ठरत असे. स्कॉटने १५८४ मध्ये कागदावर जे केले ते इथे बोलून होत होते. त्याची किंमतही मोठी होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला.

या प्रात्यक्षिकांत पत्ते क्वचितच असत. कारण साधे आहे: कोणताही बाबा पत्ते काढून चमत्कार करत नाही. भाबड्या माणसालाही पत्ता दिसला की लबाडीचाच वास येतो. त्यामुळे विभूती, नारळ, पेटता कापूर यांच्याभोवती मराठी बोली तयार झाली आणि पत्ता मुकाच राहिला.

दरम्यान अमेरिकेत चित्रफितींचा काळ सुरू झाला होता. १९८०च्या दशकात म्हाताऱ्या व्हर्ननचेच ज्ञान कॅमेऱ्यासमोर बसवून टिपले गेले. ज्याने एका हालचालीसाठी गाव गाठले होते तोच आता घराघरांत जाऊ शकणार होता. नव्वदच्या दशकात मायकेल आमर, डॅरिल यांच्या व्हीएचएस कॅसेटींचे संच निघाले. आपल्याकडच्या हौशी माणसाला ते परवडणारे नव्हते, आणि कोणी नातेवाइकाने आणून दिले तरी अडचण होती: अमेरिकी कॅसेट एनटीएससी पद्धतीची, आपले टीव्ही आणि व्हीसीआर पाल पद्धतीचे. कित्येक घरांत त्या कॅसेटवर रेघोट्यांपलीकडे काही दिसत नसे. पुढे सीडी-डीव्हीडी आल्या, २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले आणि २०१६ नंतर मोबाइलवरचा डेटा इतका स्वस्त झाला, की औरंगाबादच्या वसतिगृहातल्या मुलाला आणि शिकागोतल्या मुलाला एकच शिक्षक एकाच दिवशी मिळू लागला.

या माध्यमाची थोरवी नाकारण्यात अर्थ नाही. पुस्तक जे कधीच देऊ शकले नाही ते त्याने दिले: हालचालीचा वेग, तिचा ठेका, दोन हालचालींमधला विराम. उत्तम चित्रफितीत कॅमेरा करणाऱ्याच्या खांद्यामागे नेतात आणि तुम्हाला त्याचे हात तुमचेच असल्यासारखे दिसतात. समोरासमोर बसलेला गुरूही इतक्या सहज ही जागा देत नाही. आमच्या विद्यार्थ्याने स्वस्त व्हिडिओंवर भागवले, आणि तिथे कॅमेरा समोरच होता, म्हणून तो आरशात अडकला. साहित्याचा प्रश्नही होताच. पडद्यावर बहुधा 'बायसिकल'चा जोड असतो. अमेरिकेत १८८५ पासून निघणाऱ्या या पत्त्यांच्या पृष्ठावर बारीक खळग्या असतात, त्यांत हवा राहते आणि पत्ते एकमेकांवरून घरंगळतात. गुलमंडीवर घेतलेला साधा कागदी जोड पंधरा दिवसांत मळतो आणि चिकटतो. प्लॅस्टिकचा इतका निसटता, की दोन पत्ते एकत्र धरावेत तर सुटतात. पोराने त्यावर उपाय शोधला होता: उन्हाळ्यात सराव, पावसाळ्यात विश्रांती.

गुपित उघड झाले म्हणजे विद्या संपली, असे जुने जादूगार म्हणतात. मला ते पटत नाही. मराठवाड्याच्या मातीतलेच उदाहरण घ्यायचे तर महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्या उलगडल्या आणि 'लीळाचरित्रा'सारखे गद्य सगळ्या मराठीचे झाले. लिपी कळली म्हणून कोणी महानुभाव झाले नाही आणि ग्रंथांचे तेजही उणावले नाही. उलट वाचकाचे काम तिथून सुरू झाले. पत्त्यांचेही तसेच. युक्ती कळणे ही लिपी कळणे आहे.

अडचण युक्ती कळण्यात नाहीच. अडचण अशी, की पडद्यावरून हात येतात आणि बोली येत नाही. आली तर परक्या वाक्यरचनेत येते. हे मी त्या विद्यार्थ्याबरोबर बसून तपासले. त्याने आपल्या गुरूची वाक्ये मराठीत करून पाहिली होती आणि ती पडत होती, म्हणून तो गप्प राहू लागला होता. ती का पडत होती? इंग्रजी वाक्यात क्रियापद आधी येऊन जाते आणि पत्त्याचे नाव सर्वांत शेवटी येते. नाव उच्चारायचे आणि त्याच क्षणी पत्ता उलटायचा, असा तो मेळ. आमचा मुलगा म्हणे, 'तुमचा पत्ता बदाम राणी होता.' राणी उलटून झाली, समोरच्याचे डोळे विस्फारले, आणि हा अजून 'होता' म्हणतोच आहे. आश्चर्याच्या मागे क्रियापद लोंबत राहते.

पण मराठी वाक्याची ही सवय अडचण आहे तशी सोयही आहे. आपले क्रियापद शेवटी येते, म्हणून ते येईपर्यंत ऐकणारा बांधलेला असतो. 'तुम्ही घेतलेला पत्ता, जो तुमच्याशिवाय इथं कुणीही पाहिलेला नाही, जो तुम्ही स्वतःच्या हातानं मधोमध घातलात, तो आता...' इथे थांबा. ऐकणारा हातांकडे पाहत नाही; तो तोंडाकडे पाहतो, कारण वाक्य पुरे व्हायचे आहे. करंगळीने धरलेल्या फटीत जे करायचे ते करायला एवढा अवकाश पुष्कळ. कीर्तनकाराला हे ठाऊक असते आणि नाथांच्या गारुड्यालाही ठाऊक होते. कोणत्याही इंग्रजी चित्रफितीत ते असणार नाही, कारण त्या भाषेला त्याची गरजच नाही.

दुसरी गोष्ट संबोधनाची. इंग्रजीत 'एक पत्ता घ्या' म्हणायला एकच रूप पुरते. मराठीत तोंड उघडण्याआधी 'घे' की 'घ्या' हे ठरवावे लागते, आणि ते ठरवायला समोरच्या माणसाकडे पाहावे लागते. काकू असतील तर त्या आधी 'मला नाही बाई त्यातलं काही कळत' म्हणणार, मग त्यांना 'घ्या हो, काही होत नाही' म्हणायचे, शेजारची पोरे हसणार, आणि त्या हसण्यात काकू नेमका पुढे सरकवलेला पत्ता उचलणार. 'फोर्स' या क्रियेचे सगळे गमक या आग्रहात आहे. जेवताना वाढण्याचा आग्रह ज्या भाषेत एवढा पिकला आहे, तिच्यात हवा तो पत्ता घ्यायला लावणे जड जाऊ नये. पण त्यासाठी समोर काकू हव्यात. रात्री अकरा वाजता, कानांत हेडफोन घालून, मोबाइलसमोर बसून ते येत नाही.

विद्यार्थ्याने जोड डाव्या हातात आणायला दोन महिने घेतले. बोटांना पुन्हा बालवर्गात बसवावे लागले, असे तो म्हणाला. वाक्ये तो वहीत लिहू लागला. क्रियापदापूर्वी जिथे थांबायचे तिथे त्याने रेघ मारलेली असे. ती वही मी पाहिली आहे. खोडाखोड बरीच आहे आणि काही जागा फार चांगल्या आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत तो गावी गेला तेव्हा त्याने आजीसमोर खेळ केला. आजी पत्त्यांना हात लावायला तयार नव्हती. तिच्या लेखी पत्ते म्हणजे जुगार. शेवटी तिने पत्ता घेतला नाहीच, नुसता बोटाने दाखवला, आणि त्याला खेळ जागच्या जागी बदलावा लागला. वाक्य त्याने मधेच थांबवले, आजीने वर पाहिले आणि काम झाले. चौकटची दश्शी वर आली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, 'कुणाकडं शिकलास रे हे?'

त्याला नाव सांगता येईना. ज्या व्हिडिओवरून तो हा खेळ शिकला होता त्यात टेबलावरची हिरवी चादर आणि दोन हात एवढेच दिसत होते. त्या माणसाचा चेहरा त्याने कधी पाहिलाच नव्हता.